चक्की बंद असतानाचा आवाज

म्हसावद
१४ नोव्हेंबर २०२४

मिथुन,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं. ते खोडलं आणि हा दुसरा कागद घेतला. बारा वर्षं ज्या धाकट्या भावाशी बोललो नाही त्याला आशीर्वाद कसले द्यायचे! तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखून पोस्टमन रेवजी दारातच उभा राहिला. मी वाचून संपवेपर्यंत हलेना. ‘काय लिखेल शे धाकलानी?’ म्हणाला. मी म्हणालो, तब्येत विचारलीय. खरं तर तू तब्येत विचारलेली नाहीस, माझी नाही आणि स्वतःच्या बापाची, नानांचीही नाही. सरळ कामाचं लिहिलंस.

तर तू नवा अल्बम करतोयस. पियानो, माणसाएवढा तारांचा उभा बेस आणि ड्रमवर तू. तिघंच, आणि वीज लागेल असं एकही वाद्य नाही. शेवटच्या तुकड्यात तुला मायचं सूप हवंय. २००४ च्या उन्हाळ्यात भारनियमनात मी टेप केलं होतं ते. आपली चक्की बंद पडली की ओट्यावर बसून दळणाचं धान्य पाखडणाऱ्या मायचाच काय तो आवाज उरायचा, आणि तू शेजारी बसून तेलाचा डबा बोटांनी वाजवायचास. तू लिहिलंयस, ‘लोक विचारतात ब्रश कुणाकडून शिकलास. मी काठ्यांऐवजी तारांचा ब्रश ड्रमवर फिरवतो तेव्हा माझ्या कानात मायचं सूपच असतं. पंधरा जानेवारीपासून दोन दिवस स्टुडिओ घेतलाय. ओरिजिनल पाठव. हे माझं शेवटचं मागणं, यानंतर तुला त्रास देणार नाही.’

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणजे दिलं नाही तर तू मला आणि मी तुला संपलो, असंच ना?

मायच्या तेराव्याला तू हेच मागितलं होतंस. पंचवीस माणसांसमोर मी म्हणालो होतो, मायचा आवाज पाहिजे होता तर मायजवळ राहायचं होतं. ते मी आजही परत घेत नाही. तू बंगळुरूला टाळ्या घेत होतास तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या मी मोजत होतो.

इथलं म्हणशील तर चक्की सहा वर्षांपासून बंद आहे. दळता दळताच नानांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. बोलतात, पण दिवसाला पाच-सात शब्द. त्यांच्या डाव्या हाताला सुतळी बांधलीय आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या खोलीत. त्याला बैलाच्या गळ्यातली घंटा. माझी खोली म्हणजे चक्कीच्या मागची पट्ट्याची खोली. तिथं माझा गाण्यांचा संग्रह असतो. बारा हार्ड डिस्क. सगळं लॉसलेस, एकही एमपीथ्री नाही. मोठमोठ्या शहरांतली माणसं मला मेल करून विचारतात की अमक्या रेकॉर्डची चांगली प्रत कुठली. त्यांना वाटतं मी कुणीतरी निवृत्त प्राध्यापक आहे.

तुझे आधीचे दोन्ही अल्बम आहेत माझ्याकडे. तुझ्याच साइटवरून विकत घेतले, नूतन पाटील या खोट्या नावाने. दुसऱ्यातल्या चौथ्या तुकड्यात तुझं स्टूल करकरतं. तेल घाल त्याला.

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, तो तसाच राहू दे. बोलायला गेलो की माझं बिघडतं. टेप शोधावी लागेल. बघतो. वचन देत नाही.

धीरज चुनीलाल

*

म्हसावद
५ डिसेंबर २०२४

मिथुन,

‘सापडली का?’ एवढंच लिहून पंधरा पैशांची कंजुषी केल्यासारखं पत्र पाठवलंस. आख्खा कागद कोरा! सापडेल. घाई करू नकोस. मी काही टाकत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. कुणाच्या लग्नाची सीडी चरे पडून अडकली की लोक माझ्याकडे येतात, कुणाच्या मेलेल्या बापाचा आवाज जुन्या मोबाईलमध्ये असतो तो घेऊन येतात. मी काढून देतो, एक प्रत स्वतःकडे ठेवतो. ‘धीरजभाऊकडे शे म्हणजे शे,’ असं म्हणतात इथं.

परवा रेवजीला लॉसलेस म्हणजे काय ते समजावत होतो. म्हटलं, एमपीथ्री करताना मशीन ठरवतं की हा आवाज तुझ्या कानाला कळणार नाही, हाही कळणार नाही, आणि तेवढा काढून फेकतं. मग फाईल लहान होते. लॉसलेसमध्ये काही फेकत नाहीत, फक्त घडी नीट घालतात. रेवजीने विचार केला आणि म्हणाला, ‘पन फेकेल ते परत येस का नही?’ मी म्हणालो, नाही. फेकलेलं परत येत नाही.

तुला वाटत असेल, शोधायला इतके दिवस कशाला लागतात. माझा दिवस कसा जातो ते तुला ठाऊक नाही. सकाळी नानांची अंघोळ. त्याला रमिलाबाई येते. धडगावकडची आहे, नवऱ्याबरोबर इथं केळीच्या बागेत कामाला आलेली. बागेत जायच्या आधी तासभर हातभार लावते. मग नानांचं खाणं, औषध, कूस बदलणं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. कानाला हेडफोन लावला की घंटा वाजते. गेल्या महिन्यात एक तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायला मला नऊ दिवस लागले. सहा वर्षांत मी शहाद्याच्या स्टँडपलीकडे गेलेलो नाही. औषधं घेतो, नंदुरबारची गाडी लागलेली असते ती सुटेपर्यंत बघतो, परत येतो. लग्नाचंही राहूनच गेलं. ही तक्रार नाही, माहिती आहे.

कधीकधी वाटतं हे दार बाहेरून कुणीतरी लावून घेतलंय आणि किल्ली घेऊन गेलंय. तेव्हा मला तुझा फार राग येतो. म्हणून तुला सांगून ठेवतो.

२००८ ते २०१२ शहाद्याला माझं दुकान होतं, आठवतं का? मोबाईलच्या कार्डात गाणी भरून द्यायचं. त्या वेळचं सामान अजून खोक्यात आहे. टेप तिथंच असणार. त्या दुकानाबद्दल जास्त लिहीत नाही, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

धीरज

*

म्हसावद
२४ डिसेंबर २०२४

प्रिय मिथुन,

सापडली! सोबत पेन ड्राइव्ह आहे, कापसात गुंडाळलाय.

कॅसेट खोक्याच्या तळाला होती. अगदी व्यवस्थित. डेक साफ केला, हेड पुसलं आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून घेतलं. याहून चांगलं तुला कुणी देऊ शकणार नाही. ऐकशील तर थक्क होशील, सुपातला एकेक दाणा वेगळा ऐकू येतो. साधारण पावणेचार मिनिटं आहे. एके ठिकाणी कोंबडा ओरडतो. ते परत घ्यावं असं वाटलं होतं, म्हणजे काढून टाकावं असं वाटलं होतं, पण राहू दिलं. शेवटी लाईट येऊन चक्की सुरू होते तो भाग मात्र काढलाय, फार गोंगाट होता.

मायचा हात बघ कसा चालतो. पुढे, पुढे, झटका, थाप. तू म्हणायचास तसाच.

मिथुन, आता तुझं काम झालं. आता तरी एकदा ये. नाना विचारत नाहीत, पण गाडी थांबली की दाराकडे बघतात. मी तुला काहीही बोलणार नाही. तेराव्याला जे बोललो तेही परत घेतो, झालं?

तुझा दादा

*

म्हसावद
८ जानेवारी २०२५

मिथुन,

तुझं चार पानी पत्र काल आलं. त्यात तू मला दहा वेळा ‘दादा’ म्हटलंयस. पेन ड्राइव्ह अजून लावला नाही, स्टुडिओत तिघं मिळून चांगल्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकणार आहोत, असं लिहिलंयस. बारा वर्षं तू मला कोत्या मनाचा समजत होतास त्याची माफी मागितलीयस. मायचं, तापीबाईचं, नाव अल्बमवर छापणार म्हणतोस.

छापू नकोस. ती माय नाही.

ती रमिलाबाई आहे. अठरा डिसेंबरला दुपारी मी तिला ओट्यावर बसवलं, मायचं जुनं सूप दिलं आणि पायलीभर गहू दिले. ‘गहू ते साफ करेल शेतस. परत कसाले पाखडू?’ म्हणाली. मी म्हटलं, पाखड. मी माईक धरला तशी ती हसायला लागली. ‘गहूले काय इचारी ऱ्हायनात, दादा?’ चार वेळा करून घेतलं. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा ट्रॅक्टर आला, तिसऱ्यांदा कोंबडा. चौथ्यांदा तिचा हात दमला होता म्हणून मी तिसराच ठेवला. मायची लय तिला मीच हाताने दाखवली. चांगलं झालं होतं. मला वाटलं झालं, सुटलो.

मग कालच्या तुझ्या पत्राने मी इतका खूश झालो की नानांना ऐकवायला गेलो. खाटेजवळ स्पीकर लावला. नानांनी डोळे मिटले. अर्धं मिनिट झालं असेल. म्हणाले, ‘कोन शे ही?’

म्हटलं, ‘माय शे, नाना.’

‘गहू शेतस हाई.’ मग थांबून, ‘बंद कर.’

चाळीस वर्षं चक्की चालवलेला माणूस. हातात न घेता दाणा ओळखला. आणि मी, ज्याच्या कानावर मोठमोठ्या शहरांतली माणसं विसंबतात, मला मायने त्या दिवशी काय पाखडलं होतं हेसुद्धा आठवत नव्हतं. मी गहू दिले कारण घरात गहू होते.

आता खरं ऐक. ओरिजिनल नाही. कधीचंच नाही. तेराव्याला तू मागितलंस तेव्हाही नव्हतं.

कॅसेट मी २००५ ला कॉम्प्युटरवर उतरवली होती, चांगली मोठी फाईल. मग दुकान टाकलं. डिस्क भरली. शेकडो गाणी रोज भरायची, जागा नाही. एक सॉफ्टवेअर मिळालं, सगळ्या फाईली एकदम ६४ केबीपीएस एमपीथ्री करून देणारं. खाली एक चौकोन होता, ‘मूळ फाईल काढून टाका’. मी त्यात टिक केली आणि स्टँडवर चहाला गेलो. परत आलो तेव्हा झालं होतं. एकतीसशे फाईली. मायची त्यात होती.

तरी कॅसेट होती. त्याच आठवड्यात नवलसिंग जीपवाला आला, वऱ्हाडासाठी गाणी पाहिजेत, आत्ता पाहिजेत. त्याच्या जीपमध्ये कॅसेटचाच टेप, आणि माझ्याकडची कोरी कॅसेट संपली होती. जी हाताला लागली तिच्यावर भरून दिली. मायची कॅसेट होती हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा जीप तोरणमाळच्या घाटात असेल.

आणि मिथुन, तेव्हा माय जिवंत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती रोज ओट्यावर बसून पाखडत होती, मी रोज तिच्यासमोरून दुकानावर जात होतो. दुसऱ्या दिवशी परत टेप करता आलं असतं. मी म्हणायचो, उद्या. चार वर्षं म्हणालो. ती गेली आणि तू येऊन मागितलंस. नालायक ठरण्यापेक्षा खुनशी ठरलेलं बरं वाटलं मला. नालायकाची कीव येते लोकांना. म्हणून ते वाक्य बोललो. लोकांनी माना डोलावल्या, तू बॅग उचललीस, आणि तेव्हापासून मी त्या वाक्याच्या आत राहतोय. बाहेर यायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं.

सोबत दुसरा पेन ड्राइव्ह आहे. त्यात जे उरलंय ते आहे, १.९ एमबी. ऐकून घे म्हणत नाही. वाईट आहे. सुपाचा आवाज म्हणजे बारीक सळसळ, आणि मशीन नेमकी तीच फेकतं. पाण्याखाली कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. तुझ्या कामाचं नाही.

काल नानांना तेही ऐकवलं. वाटलं, त्या आवाजाला तर ओळखच उरलेली नाही. नानांनी बराच वेळ ऐकलं. एकच शब्द बोलले. ‘दादर.’

आपली दादर ज्वारी. मी मग डोकं धरून बसलो, कारण मलाही एकदम आठवलं. मार्च होता, सगळ्या गावाची दादर आलेली होती, मायच्या पदरावर तिची कुसळं चिकटलेली असायची.

हे पत्र रेवजीकडे देत नाही, तो थांबवून विचारील. रमिलाबाई अर्ध्या रोजाची सुट्टी घेऊन नानांजवळ बसणार आहे. मी शहाद्याला जाऊन स्पीड पोस्ट करतो. चौदापर्यंत पोचावं.

धीरज

*

म्हसावद
२० फेब्रुवारी २०२५

मिथुन,

पंधरा तारीख गेली, एक महिना गेला. तुझ्याकडून काही नाही. पोचपावतीवर सही तुझीच आहे, चौदा तारखेची. म्हणजे पोचलं.

शिव्या तरी दे. कोरा कागद पाठव, मागे पाठवला होतास तसा, मी त्याची चेष्टा करणार नाही.

नंबर मी अनब्लॉक केलाय. फोन खिशात घेऊन फिरतो. नानांची कूस बदलताना वाजला तर म्हणून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. तो लोन पाहिजे का विचारायला वाजतो.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं, तेही सांगतो, आता काय लपवायचं. गेल्या आठवड्यात मी स्वतःची परीक्षा घेतली. एकच गाणं, एकदा लॉसलेस आणि एकदा चांगलं एमपीथ्री, कुठलं कुठलं ते कॉम्प्युटरने लपवायचं आणि मी ओळखायचं. सोळा वेळा. नऊ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर आठ आले असते. तेरा वर्षं, बारा डिस्क, आणि मला फरक ऐकू येत नाही. मी हे सगळं ऐकण्यासाठी जमवतच नव्हतो बहुतेक. एक फाईल गेली म्हणून पुढची एकही जाऊ द्यायची नाही, एवढंच चाललं होतं.

पट्ट्याची खोली मी चार दिवस उघडलेली नाही. घंटेची सुतळी सोडून आणून माझ्या खाटेला बांधलीय. आता मी नानांच्या खोलीतच झोपतो. दोन माणसं एका खोलीत आणि मध्ये घंटा. रमिलाबाई बघून हसते.

त्या गहू पाखडण्याचं पुढे काय झालं म्हणून तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा विषय बदलला.

धीरज

*

म्हसावद
२२ एप्रिल २०२५

मिथुन,

काल पार्सल आलं. रेवजीच्या समोर फोडलं. म्हटलं, बघ बाबा, तूही बघ.

आत तुझी सीडी. अल्बमचं नाव ‘भारनियमन’! मी रेवजीसमोरच मोठ्याने हसलो. बिनविजेच्या अल्बमला दुसरं नाव काय द्यायचं होतं म्हणा. मग मागची बारीक अक्षरं वाचली. पियानो, बेस, ड्रम यांची नावं, आणि त्यांच्याखाली त्याच आकारात:

रमिलाबाई – सूप (गहू)
तापीबाई – सूप (दादर)

आत तुझी चिठ्ठी. ती मी इथं पुन्हा लिहितो, कारण काय मिळालं हे मला लिहूनच पटतं. ‘दादा, धीर धरवला नाही, तेरा तारखेलाच एकट्याने ऐकलं. पहिल्या दोन हातांतच कळलं, गहू आहे. माय नाही. ठरवलं होतं की तुला काही बोलायचं नाही आणि परत कधी लिहायचंही नाही. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. रागावलो नाही असं नाही, तीन महिने रागावलोच होतो. आखाजीला येतो. चार दिवस नानांजवळ मी राहीन. तू कुठेतरी जा.’

मध्ये एकच दिवस. ते पत्र मी खिशात ठेवून शहाद्याच्या पोस्टासमोर तासभर उभा होतो. दोनदा स्टँडवर परत जाऊन बसलो होतो. टाकलं नसतं तर तू परत लिहिलंच नसतंस.

संध्याकाळी, चार-साडेचारला, खाटेजवळ स्पीकर लावले. बागेतून परतणाऱ्या रमिलाबाईलाही थांबवून घेतलं. पहिल्याच तुकड्यात तिचे गहू आले, त्यावर पियानोवाला थेंब थेंब टाकतोय. कोंबडाही ठेवलास! तिला नाव वाचून दाखवलं. ‘मन्हं नाव? गहू पाखडानं?’ तिने अक्षरांवर बोट ठेवून बघितलं आणि विचारलं यातलं आपलं कुठलं. मी दाखवलं. तिने पदराने बोट पुसलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

शेवटच्या तुकड्याची मला भीती वाटत होती. तू ती १.९ एमबीची फाईल उघडी ठेवलीस. काही झाकलं नाहीस. तीच पाण्याखालची खळबळ, माझं पाप अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. पंधरा-वीस हात तसेच गेले. मग तुझा ब्रश आला. इतका हळू आला की मला वाटलं फाईलच सुधारली. जी सळसळ मशीनने फेकली होती नेमकी तेवढीच तू वाजवत होतास. खालचा आवाज मायचा आणि वरचा तुझा. पुढे, पुढे, झटका, थाप. दाणे सुपात परत आले. मी कान टवकारून बसलो होतो की माय कुठं संपते आणि मिथुन कुठं सुरू होतो. मला ओळखता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ते ओळखता न आल्याचं बरं वाटलं, आणि मी तिथंच खाटेच्या पायाशी बसून रडलो. रमिलाबाईने मला तसंच राहू दिलं.

शेवटी लाईट येते आणि चक्की सुरू होते तो भाग तू ठेवलास. बेसवाल्याने तिच्या घरघरीचाच सूर धरला आणि मायचं सूप त्याखाली विरत गेलं. तुकडा संपला. तेवढ्यात घंटा वाजली. मी दोन हातांवर बसलोय आणि नाना सुतळी ओढताहेत.

‘लाईट उनी,’ म्हणाले.

म्हटलं, नाना, ते टेपमधलं होतं.

त्यांनी पुन्हा घंटा ओढली. ‘लाईट उनी ना. चक्की चालू कर.’

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं होतं. रमिलाबाई उठली आणि तिच्या घरून गोणीच्या तळाची दादर घेऊन आली. पट्टा सहा वर्षं खिळ्याला लटकत होता, त्यावर पाल होती. पुसला, चढवला. मोटारीवरची धूळ फुंकली. आधी नुसतीच गुणगुणली, फिरेना. मी पट्ट्याला हाताने ओढ दिली, नाना द्यायचे तशी, आणि ती निघाली. पट्ट्याचा जोड दर फेऱ्याला थप, थप करतो तो आवाज मी विसरलो होतो. तू त्यावर डबा वाजवायचास आणि माय म्हणायची, ‘डबा नको ठोकू, डोकं दुखी ऱ्हायनं मन्हं.’

पहिलं पीठ काळपट आलं, ते टाकलं. दुसरं चांगलं आलं. गरम पिठाची चिमूट घेऊन नानांच्या डाव्या हातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याने चोळून बघितलं.

‘जाड शे,’ म्हणाले.

मी जाऊन दगड आवळला. माईक आणि रेकॉर्डर मागच्या खोलीतच होते, टेप करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पत्र लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं.

पंचांगात बघितलं, अक्षय तृतीया तीस तारखेला, म्हणजे आखाजी पुढच्या बुधवारी आहे. तू आदल्या दिवशी पोच. नानांची कूस दर दोन तासांनी बदलायची, उजव्या खांद्याखाली उशी ठेवायची, आणि घंटा वाजली की हातातलं टाकून जायचं, मग तुकडा कितीही रंगात आलेला असो. बाकी रमिलाबाईला सगळं माहीत आहे. तिला नावाने हाक मार, ती आता तुझ्या अल्बमवर आहे.

मी कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. नंदुरबारच्या गाडीत बसेन, तिथून पुढे रेल्वे आहेच. हेडफोन घरी ठेवून जाणार आहे. परत आलो की दार उघडं असेल एवढं बघ.

चिरंजीव मिथुन, हे वर लिहायचं राहिलं होतं म्हणून इथं लिहितो.

दादा